ज्येष्ठांच्या स्वावलंबनावर संशोधन करणारे केंद्र कोल्हापुरात उभे करताना: निधी उभारणीपासून हिशेबापर्यंत

कोल्हापुरात ज्येष्ठांसाठी देणगी मागितली आणि देणाऱ्यांनी हात आखडता घेतला, असे सहसा होत नाही. विरंगुळा केंद्रातील खुर्च्या, वृद्धाश्रमाचे धान्य, मोतीबिंदू शिबिराचा खर्च यांसाठी पेठांतील व्यापारी, शिरोली आणि गोकुळ शिरगावचे कारखानदार, तसेच तालुक्यांतील सहकारी संस्था वर्षानुवर्षे पुढे येत आल्या आहेत. परंतु गुडघ्यांनी जेरीस आलेल्या पंचाहत्तर वर्षांच्या आजींना आणखी काही वर्षे कोणाच्या मदतीशिवाय आंघोळ करता यावी यासाठी कोणता उपाय खरोखर उपयोगी पडतो, हे शोधण्यासाठी निधी मागितला, तर नेमके काय मागायचे हे मागणाऱ्याला आणि कशासाठी द्यायचे हे देणाऱ्याला उमगत नाही. हा लेख त्या दोघांसाठी आहे: केंद्र काढू पाहणारे प्राध्यापक, डॉक्टर आणि विश्वस्त यांच्यासाठी, तसेच त्यांना पैसे देऊ इच्छिणाऱ्या उद्योजकांसाठी आणि दात्यांसाठी.

२०११ च्या जनगणनेत देशातील साठ वर्षांवरील लोकसंख्या सुमारे १०.४ कोटी, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती, आणि महाराष्ट्रात हे प्रमाण दहा टक्क्यांच्या जवळ पोहोचले होते. त्या वेळी कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८,७६,००१ होती. राज्याचेच प्रमाण धरले, तरी जिल्ह्यातील ज्येष्ठांची संख्या तेव्हाच काही लाखांत जाते. त्यांची मुले पुण्या-मुंबईला किंवा परदेशात असल्याने घरात दोघेच किंवा एकटेच राहणाऱ्यांची गावे आजरा, चंदगड, भुदरगड या डोंगराळ पट्ट्यात कोणालाही दाखवता येतील.

पहिली पायरी: निधीआधी प्रश्न

‘ज्येष्ठांच्या कल्याणासाठी संशोधन’ या शब्दांवर कोणीही जबाबदार अनुदान देणारा पैसे देत नाही, आणि देऊही नयेत. प्रश्न असा हवा की त्याचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ असे येऊ शकेल. उदाहरणार्थ, आशा कार्यकर्तीने आठवड्यातून दोनदा घेतलेल्या पायांच्या व्यायामामुळे वर्षभरात पडण्याचे प्रमाण कमी होते का. मोरी आणि संडास यांमध्ये आधाराचे दांडे बसवल्याने आंघोळीसाठी मदत लागण्याची वेळ लांबते का. पुरामुळे घर सोडावे लागलेल्या शिरोळ तालुक्यातील ज्येष्ठांची चालण्याची क्षमता त्या स्थलांतरानंतर पूर्ववत होते का. यांतला शेवटचा प्रश्न मला विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर घरे, पिके आणि जनावरे यांचे पंचनामे झाले. निवारा केंद्रात काही दिवस बसून काढल्यावर म्हाताऱ्या माणसाची चाल किती मंदावली, याची नोंद अशा पंचनाम्यात होत नसते. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या स्नायूंची ताकद थोड्याच दिवसांत झपाट्याने घटते, हे वैद्यकशास्त्राला माहीत आहे. आपल्या भागात ती परत मिळते का आणि कशाने मिळते, हे शोधणे आपल्याच हातात आहे.

नकारार्थी उत्तराचीही तयारी ठेवावी लागते. अमेरिकेत पडण्यामुळे होणाऱ्या गंभीर दुखापती टाळण्यासाठी ‘स्ट्राइड’ नावाचा ५,४५१ ज्येष्ठांचा मोठा अभ्यास झाला. प्रशिक्षित परिचारिकांनी प्रत्येकाचे धोके तपासून वैयक्तिक योजना आखून दिली, तरीही २०२० मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत दुखापतींच्या प्रमाणात ठोस म्हणता येईल असा फरक दिसला नाही. दात्याला ही शक्यता पहिल्याच बैठकीत सांगावी. जो दाता ‘उपयोग होतोच असे दाखवा’ या अटीवर पैसे देतो, त्याचे पैसे संशोधनासाठी घेऊ नयेत, सेवाकार्यासाठी घ्यावेत.

दुसरी पायरी: स्वावलंबन मोजण्याची पद्धत ठरवणे

निधीच्या अर्जात परीक्षक सर्वांत आधी पाहतात ती गोष्ट म्हणजे मोजमाप. स्वावलंबनासाठी जगभर वापरली जाणारी साधने फार खर्चिक नाहीत. आंघोळ, कपडे घालणे, शौचालयाचा वापर, उठून बसणे व जागा बदलणे, मलमूत्रावर नियंत्रण आणि जेवणे या सहा गोष्टी माणूस स्वतः करतो का, हे पाहणारी कॅट्झ यांची श्रेणी १९६३ पासून वापरात आहे. फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणे, प्रवास, औषधे आणि पैशांचे व्यवहार या आठ गोष्टींची लॉटन यांची श्रेणी १९६९ ची आहे. शारीरिक क्षमतेसाठी तीन प्रकारे उभे राहून तोल सांभाळणे, चार मीटर चालणे आणि हातांचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठणे, अशी शून्य ते बारा गुणांची चाचणी आहे. खुर्चीतून उठून तीन मीटर चालून, वळून, परत येऊन बसायला लागणारा वेळ मोजणारी आणखी एक सोपी चाचणी आहे. तिला बारा सेकंद किंवा अधिक वेळ लागला, तर पडण्याचा धोका आहे असे मानण्याची पद्धत आहे.

ही साधने जशीच्या तशी उचलून करवीर तालुक्यातल्या वाडीवर नेली, तर निम्मी माहिती निरुपयोगी ठरेल. ‘स्वयंपाक करता का’ या प्रश्नाला ऐंशी वर्षांचे आजोबा ‘नाही’ म्हणतील, पण ते त्यांनी आयुष्यात कधीच केलेले नसते. म्हणून ‘करता का’ याच्याबरोबर ‘पूर्वी करत होता का’ आणि ‘वेळ पडली तर जमेल का’ हे विचारावे लागते. खरेदीच्या जागी रेशन दुकानातून धान्य आणणे, पैशांच्या व्यवहाराच्या जागी दूध संस्थेचे बिल किंवा उसाचे पैसे खात्यावर जमा झाले का हे बँकेत जाऊन पाहणे, असे आपल्याकडचे व्यवहार घालावे लागतात. आंघोळीबद्दल विचारताना मोरीत खाली बसून की पाटावर की खुर्चीवर, हे वेगवेगळे नोंदवावे. शौचालय भारतीय पद्धतीचे आहे की कमोडचे, यावर तोच माणूस स्वावलंबी किंवा परावलंबी ठरू शकतो, म्हणून ती नोंद प्रत्येक भेटीत हवीच.

चाचणीची जागाही ठरवून घ्यावी. चार मीटर सरळ, सपाट आणि उंबरा मध्ये न येणारी जागा पेठेतल्या जुन्या घरात मिळत नाही. मग ती गल्लीत, देवळाच्या सभामंडपात किंवा शाळेच्या व्हरांड्यात घ्यावी लागते, आणि एकाच माणसाची पहिली चाचणी घरात व दुसरी डांबरी रस्त्यावर झाली, तर दोन वेगांची तुलना करता येत नाही. खुर्ची सर्व ठिकाणी एकाच उंचीची आणि बिनहाताची असावी, ती टीमबरोबर न्यावी. घरोघरच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांना हात असतात आणि त्या वजनाने वाकतात. पायात रोज जे असते तेच ठेवावे, मग ती कोल्हापुरी चप्पल असो की अनवाणी पाय असोत, आणि ते लिहून ठेवावे. नऊवारी नेसलेल्या आजींच्या तोलाच्या चाचणीत पावले दिसण्यासाठी महिला तपासनीस असणे सोयीचे पडते. या साऱ्याची एक लिखित कार्यपद्धती मराठीत तयार करून अर्जाला जोडली, तर परीक्षकाला कळते की या लोकांनी काम प्रत्यक्ष करून पाहिले आहे.

तुलनेसाठी देशपातळीवरची माहिती उपलब्ध आहे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये केलेल्या ‘लासी’ या दीर्घकालीन अभ्यासाच्या पहिल्या फेरीत पंचेचाळीस वर्षांवरील ७२,००० हून अधिक लोक होते. तिची माहिती संशोधकांना अर्ज करून मिळते. आपल्या प्रश्नावलीतील काही प्रश्न मुद्दाम ‘लासी’तल्या शब्दांतच ठेवावेत, म्हणजे आपल्या जिल्ह्याचे आकडे राज्याच्या आणि देशाच्या आकड्यांशेजारी ठेवता येतात.

तिसरी पायरी: केंद्राचा आराखडा

अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेकडून निधी मिळणारी ‘क्लॉड पेपर’ केंद्रे याच विषयावर काम करतात. ज्येष्ठांच्या हक्कांसाठी झटलेल्या फ्लोरिडाच्या एका लोकप्रतिनिधींचे नाव त्यांना दिले आहे. ती अनुदाने तिथल्या संस्थांसाठी असल्याने आपण त्यांच्याकडे अर्ज करण्याचा प्रश्न येत नाही, पण त्यांची रचना अभ्यासण्यासारखी आहे. अनुदान पाच वर्षांचे असते आणि ते एखाद्या एकट्या अभ्यासाला मिळत नाही. अनेक अभ्यासांना सामाईक लागणाऱ्या सोयींना मिळते. नेतृत्व व प्रशासन हा एक विभाग, तरुण संशोधक घडवणारा दुसरा, छोट्या प्रायोगिक अभ्यासांना पैसे देणारा तिसरा, आणि संख्याशास्त्र, क्षेत्रकाम, प्रयोगशाळा यांसारख्या सेवा पुरवणारे विभाग वेगळे.

या रचनेचे फळ कसे मिळते, हे ‘लाइफ’ अभ्यासात दिसते. आधी ४२४ लोकांवर प्रायोगिक अभ्यास झाला, त्यातून पद्धत बसली, आणि मग आठ केंद्रांनी मिळून सत्तर ते एकोणनव्वद वर्षांच्या १,६३५ लोकांवर मुख्य अभ्यास केला. नियमित आणि आखलेल्या व्यायामामुळे सरासरी २.६ वर्षांच्या काळात चारशे मीटर चालण्याची क्षमता गमावण्याचा धोका १८ टक्क्यांनी कमी झाला, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. आधीचा छोटा अभ्यास झाला नसता, तर एवढ्या मोठ्या अभ्यासावर कोणी पैसे लावले नसते.

कोल्हापुरात हीच कल्पना चार माणसांपासून सुरू करता येते. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले सीपीआर रुग्णालय, शिवाजी विद्यापीठातील संख्याशास्त्र आणि समाजशास्त्र हे विभाग, खासगी वैद्यकीय, फिजिओथेरपी आणि अभियांत्रिकी महाविद्यालये, असे सारे घटक एका शहरात आहेत. उणीव आहे ती त्यांना बांधून ठेवणाऱ्या पूर्णवेळ समन्वयकाची, सामाईक माहितीसाठ्याची आणि प्रशिक्षित तपासनिसांच्या तुकडीची. पहिला निधी याच तीन गोष्टींसाठी मागावा, असा माझा आग्रह आहे.

चौथी पायरी: यजमान संस्था आणि नोंदण्या

नवी संस्था काढण्याचा मोह टाळावा. विद्यापीठ किंवा महाविद्यालय यजमान असेल, तर सरकारी अनुदानासाठी लागणारी पात्रता, लेखा विभाग आणि सहभागींच्या हिताच्या दृष्टीने संशोधन तपासून मंजुरी देणारी नीतिमत्ता समिती बहुधा तयार मिळते. इतर भागीदारांशी सामंजस्य करार करावेत. त्यांत माहिती कोणाची, प्रकाशनात नावे कशी आणि उपकरणे शेवटी कोणाकडे राहणार, हे लिहिलेले असावे.

न्यासामार्फतच काम करायचे असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या न्यासपत्राच्या उद्देशांत ‘संशोधन’ हा शब्द आहे का, ते आधी पाहावे. विश्वस्त बदलले असतील आणि धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज मंजूर झालेला नसेल, तर बँकेपासून अनुदान देणाऱ्यापर्यंत सगळीकडे काम अडते. त्यानंतर नीती आयोगाच्या ‘एनजीओ दर्पण’ पोर्टलवरील क्रमांक, प्राप्तिकराच्या जुन्या कायद्यात १२अ (न्यासाला करसवलत) आणि ८०जी (दात्याला करसवलत) या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या नोंदण्या, आणि विज्ञान संशोधनासाठी केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची ‘सायरो’ मान्यता घ्यावी. प्राप्तिकराचा २०२५ चा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलतात. देणगी पावतीवरचा मजकूर सनदी लेखापालाकडून तपासून घेतल्याशिवाय छापू नये.

पाचवी पायरी: अंदाजपत्रक

इथे सर्वांत जास्त वेळ द्यावा. अंदाजपत्रकाची सुरुवात तपासनिसाच्या दिवसापासून करावी. समजा, तीनशे ज्येष्ठांना दर सहा महिन्यांनी घरी जाऊन भेटायचे आहे, आणि एक तपासनीस दिवसाला चार भेटी नीट करू शकतो. एका फेरीला पंचाहत्तर, म्हणजे वर्षाला दीडशे कामाचे दिवस झाले. त्यात आजी लेकीकडे गेल्या आहेत, आजोबा शेतात आहेत, गावात यात्रा आहे, अशा कारणांनी वाया जाणाऱ्या फेऱ्या मिळवाव्या लागतात. गगनबावडा आणि राधानगरी भागात जून ते सप्टेंबर चार भेटींच्या जागी दोनच होतील, हे धरावे लागते. प्रशिक्षण, नोंदी भरणे आणि रजा धरल्या, की एक पूर्णवेळ माणूस पूर्ण वर्ष गुंततो. हे गणित अर्जात मांडले, तर पगाराच्या रकमेवर कोणी शंका घेत नाही.

मनुष्यबळाला एकूण निधीतील निम्म्याहून अधिक वाटा द्यावा. ज्यांना दर महिन्याला वेळेवर पगार मिळत नाही ते तपासनीस सोडून जातात, आणि नवा माणूस आला की मोजण्याची पद्धत नकळत बदलते; चालण्याच्या वेगात दिसलेला फरक ज्येष्ठांमुळे पडला की तपासनिसामुळे, हे मग सांगता येत नाही. यासाठी दोन तपासनिसांनी एकाच व्यक्तीची स्वतंत्रपणे चाचणी घेऊन आकडे ताडून पाहण्याचे दिवसही अंदाजपत्रकात धरावेत.

हमखास विसरली जाणारी कलमे अशी आहेत: ज्येष्ठाला केंद्रात यावे लागले तर रिक्षाचे भाडे आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी, प्रश्नावलीचे मराठी भाषांतर आणि त्याची पडताळणी, सीमाभागातील गावांसाठी कन्नड प्रश्नावली, माहितीची सुरक्षित साठवण, सहभागी व्यक्तीला अभ्यासामुळे इजा झाली तर उपचारांची तरतूद, लेखापरीक्षणाची फी, आणि निष्कर्ष गावात जाऊन सांगण्याचा खर्च. यजमान संस्थेचा वीज-कार्यालयाचा वाटा स्वतंत्र दाखवावा, कारण बरेच अनुदान देणारे त्यावर ठरावीक टक्क्यांची मर्यादा घालतात.

इमारत पहिल्या पाच वर्षांत मागूच नये. भाड्याच्या दोन खोल्या, तळमजल्यावर, पायरी नसलेल्या, पुरेशा आहेत. उपकरणांपैकी हाताच्या पकडीची ताकद मोजणारा डायनॅमोमीटर, स्टॉपवॉच, वजनकाटा, रक्तदाबयंत्र आणि टॅब एवढ्यावर पहिला अभ्यास होतो.

सहावी पायरी: कोणाकडे काय मागायचे

प्रत्येक पैशाला स्वतःच्या अटी असतात, आणि चुकीच्या पैशातून बरोबर काम करू गेल्यास हिशेबात अडचण येते. वैद्यकीय प्रश्नासाठी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची संशोधकांनी सुचवलेल्या विषयांना मिळणारी अनुदाने आहेत. कुटुंब, देखभाल, एकटेपणा, पेन्शन अशा सामाजिक प्रश्नांसाठी भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचे छोटे-मोठे प्रकल्प आहेत. ज्येष्ठ आणि अपंग व्यक्तींसाठी उपकरणे विकसित करायची असतील, तर विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचा ‘टाइड’ हा कार्यक्रम त्यासाठीच आहे. उद्यमनगरातील फॅब्रिकेशनचे आणि फाउंड्रीचे कसब असलेल्या शहराने याचा लाभ घ्यायलाच हवा: भारतीय शौचालयावर बसवता येणारी मजबूत घडीची खुर्ची, दगडी भिंतीत पक्का बसणारा आधाराचा दांडा, अरुंद जिन्यासाठी कठडा या वस्तू इथे तयार होऊ शकतात. त्यातून नवउद्योग निघाला, तर सामाजिक न्याय मंत्रालयाच्या २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘सेज’ योजनेत प्रकल्पामागे १ कोटी रुपयांपर्यंत भागभांडवल मिळू शकते. मात्र ते उद्योगाला मिळते, संशोधन केंद्राला मिळत नाही.

घरातील बदलांवर अभ्यास करू इच्छिणाऱ्यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विकसित झालेला ‘केपेबल’ कार्यक्रम पाहावा. त्यात परिचारिका, व्यवसायोपचार तज्ज्ञ आणि घरदुरुस्ती करणारा कारागीर असे तिघे काही महिने ज्येष्ठाच्या घरी येतात, आणि काय बदलायचे हे ज्येष्ठ स्वतः ठरवतो. आपल्याकडे तिसऱ्या माणसाच्या जागी गवंडी आणि सुतार आले. त्यांची मजुरी व साहित्य हा कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या, म्हणजे सीएसआर निधीसाठी अगदी योग्य खर्च आहे.

सीएसआरबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटी रुपये निव्वळ मूल्य, १,००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफा यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम खर्च करावी लागते, आणि सातव्या अनुसूचीत ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम, दिवसा देखभालीची केंद्रे व तत्सम सुविधा यांचा स्पष्ट उल्लेख आहे. निधी घेणाऱ्या न्यासाने सीएसआर-१ ही नोंदणी केलेली असावी आणि त्याच प्रकारच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव दाखवता आला पाहिजे. ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजुरी घेतली, तर सुरुवातीचे वर्ष सोडून आणखी तीन वर्षे काम चालवता येते. म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मिळणाऱ्या एकरकमी धनादेशाच्या मागे न लागता, एप्रिल-मे महिन्यांतच कंपनीच्या समितीपुढे बहुवर्षीय आराखडा ठेवावा. एक अट नीट ध्यानात ठेवावी: कायमनिधीत, म्हणजे मुद्दल न मोडता फक्त व्याज वापरायच्या निधीत, घातलेली रक्कम सीएसआर खर्च म्हणून धरली जात नाही.

कायमनिधी उभारायचा तो वैयक्तिक देणग्यांतून, आणि त्यासाठी ‘ही रक्कम कायमनिधीत जमा करावी’ असे दात्याचे लेखी पत्र घ्यावे. या शहराला ही रीत परकी नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे निघावीत म्हणून जागा दिल्या, त्याबरोबर चालू खर्चाला वार्षिक मदतही दिली. संस्था टिकायची तर भिंतींइतकीच दरवर्षीच्या उत्पन्नाची काळजी घ्यावी लागते, हे त्यांनी ओळखले होते. कायमनिधीच्या व्याजातून समन्वयकाचा पगार निघावा, एवढे पहिले लक्ष्य पुरेसे आहे, कारण दोन अनुदानांमधल्या रिकाम्या महिन्यांत केंद्र टिकते ते त्या एका माणसामुळे.

परदेशातील कोल्हापूरकरांकडून निधी घेताना, देणारा भारतीय पारपत्रधारक आहे की परदेशी नागरिक, हे विचारावे. परदेशी नागरिकाची देणगी परकीय योगदान कायद्याखाली येते. नोंदणी नसताना ती खात्यात घेणे हा गुन्हा आहे. नोंदणी असली, तरी पैसे दिल्लीतील स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतील खात्यातच यावे लागतात, दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाहीत आणि प्रशासकीय खर्चावर वीस टक्क्यांची मर्यादा आहे.

सातवी पायरी: परवानग्या

निधी मंजूर झाल्यावर परवानग्यांच्या मागे लागलो, तर पहिले सहा महिने कोरडे जातात. नीतिमत्ता समिती आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली असावी, आणि मंजुरीचा अर्ज निधीच्या अर्जासोबतच करावा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे वाचून संमतिपत्र साध्या मराठीत लिहावे. स्मरणशक्ती क्षीण झालेल्या व्यक्तीसाठी कायदेशीर प्रतिनिधीची संमती लागते, तरीही त्या व्यक्तीने मान हलवून नकार दिला तर तो नकार मानावा. दुसऱ्या बाजूने, सुनेने किंवा मुलाने ‘घ्या त्यांची माहिती’ म्हटले, म्हणजे शहाण्यासुरत्या ज्येष्ठाची संमती मिळाली असे होत नाही. मारहाण किंवा उपासमार दिसली तर तपासनिसाने काय करायचे, हेही आधी लिहून ठेवावे. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ आणि पालक व ज्येष्ठ नागरिकांच्या देखभालीसाठीच्या २००७ च्या कायद्याखालील न्यायाधिकरण यांची माहिती प्रत्येकाकडे हवी. उपायाची चाचणी असेल, तर पहिला सहभागी घेण्याआधी भारताच्या चिकित्सा चाचणी नोंदवहीत नोंद करावी. परदेशी भागीदार असल्यास आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मान्यता लागते. आशा कार्यकर्त्यांची मदत घ्यायची असेल, तर जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाचे लेखी पत्र घ्यावे आणि त्यांच्या वेळेचा मोबदला अंदाजपत्रकात दाखवावा. आधीच कामाने वाकलेल्या बायकांकडून फुकट संशोधन करून घेणे मला अयोग्य वाटते.

आठवी पायरी: प्रायोगिक अभ्यासांना पैसे देणे

केंद्राने मिळालेल्या निधीतील काही भाग स्वतः वाटावा. वर्षातून एकदा आवाहन काढावे, एक वर्षाच्या मुदतीचे दोन किंवा तीन छोटे अभ्यास निवडावेत, आणि अर्जदारांत फिजिओथेरपीचे तरुण अध्यापक, परिचारिका, अभियंते यांना प्राधान्य द्यावे. निवड समितीत जिल्ह्याबाहेरचे किमान दोन परीक्षक असावेत; ज्याचा विद्यार्थी किंवा नातेवाईक अर्जदार आहे त्याने त्या चर्चेतून उठून बाहेर जावे, आणि तशी नोंद इतिवृत्तात करावी. ज्येष्ठ नागरिक संघाच्या प्रतिनिधीला समितीत मताचा अधिकार द्यावा. कोणता त्रास रोजच्या जगण्यात खरा अडथळा आहे, हे त्याला परीक्षकांपेक्षा चांगले कळते.

पैसे दोन हप्त्यांत द्यावेत. दुसरा हप्ता मिळण्याची अट ‘निष्कर्ष चांगला आला’ ही नसावी. ठरलेल्या संख्येइतके ज्येष्ठ सामील झाले का, किती टिकले आणि माहिती पूर्ण भरली गेली का, या तीन गोष्टी पाहाव्यात. मोठ्या अनुदानाच्या अर्जात पुढे हेच आकडे लागतात.

नववी पायरी: हिशेब आणि अहवाल

प्रत्येक अनुदानासाठी वेगळे बँक खाते किंवा किमान वेगळी खतावणी ठेवावी. केंद्र सरकारच्या अनुदानाला सामान्य वित्तीय नियम, २०१७ मधील १२-अ नमुन्यातील उपयोगिता प्रमाणपत्र लागते. ते वेळेवर गेले नाही, तर पुढचा हप्ता थांबतो आणि तपासनिसांचे पगार अडकतात. मंजूर शीर्षाबाहेर खर्च करण्याआधी लेखी परवानगी घ्यावी. गवंड्याच्या मजुरीसारख्या छोट्या रकमांसाठी छापील व्हाउचर, कामाचा आधीचा व नंतरचा फोटो आणि घरमालकाची सही एवढे जपले, तर लेखापरीक्षकाचे समाधान होते.

देणाऱ्यांना वर्षातून एकदा चार पानांचा मराठी अहवाल द्यावा. त्यात सोडून गेलेल्या सहभागींची संख्या आणि कारणे स्पष्ट लिहावीत. शिवाय ज्या गावांतून माहिती घेतली, तिथल्या ग्रामसभेत किंवा ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठकीत निष्कर्ष सांगावेत, व्यक्तीची ओळख उघड न करता.

दहावी पायरी: निधी थांबल्यास काय करायचे

हे कलम पहिल्याच करारात असावे. निधी थांबला, तर सुरू असलेला व्यायामवर्ग किंवा घरभेट किती महिने चालू राहील आणि तो खर्च कोठून होईल. त्यानंतर सहभागी ज्येष्ठांना कोणत्या आरोग्य केंद्राकडे किंवा सीपीआरमधील कोणत्या बाह्यरुग्ण विभागाकडे सोपवले जाईल. नावे काढलेली माहिती कोणत्या विद्यापीठात ठेवली जाईल आणि पुढील संशोधकाला ती कोणत्या अटींवर मिळेल, हे लिहावे. घरांत बसवलेले दांडे, कठडे आणि खुर्च्या त्या घरांच्याच राहतील, असे स्पष्ट नमूद करावे. किमान तीन महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम राखीव ठेवण्याचा ठराव विश्वस्तांनी केंद्र सुरू होण्याआधी करावा, आणि त्या ठरावाची प्रत प्रत्येक तपासनिसाच्या नेमणूकपत्राला जोडावी.